नवीन मेटल डिटेक्टर, चार दिवसांची शोधाशोध आणि हाती फक्त बाटल्यांची झाकणे: माझे नेमके कुठे चुकते आहे?

गवतातली_सुई (प्रश्नकर्ती)

नमस्कार. दीड महिन्यापूर्वी मी आयुष्यातला पहिला मेटल डिटेक्टर घेतला. छंद म्हणून नव्हे, तर एका ठरावीक कारणासाठी. माझ्या धाकट्या बहिणीची सोन्याची अंगठी एका गवताळ मैदानावर खेळताना बोटातून निसटली आणि त्या संध्याकाळी सगळ्यांनी मिळून गवत हातांनी चाळूनही ती मिळाली नाही. मैदान खासगी आहे, मालकांनी शोधायला परवानगी दिली आहे, आणि अंगठी पडली असावी असा भाग साधारण २० मीटर लांब व १२ मीटर रुंद आहे, त्यामुळे काम सोपे असेल असे मला वाटले होते.

यंत्र व्हीएलएफ पद्धतीचे, म्हणजे अतिशय कमी वारंवारतेच्या लहरी वापरणारे असून एकाच वारंवारतेवर चालते. त्याला ११ इंची डबल-डी कॉइल (जमिनीवरून फिरवायची तबकडी, जिच्यात इंग्रजी डी अक्षराच्या आकाराचे तारांचे दोन वेढे असतात) आहे आणि पडद्यावर धातूचा अंदाज देणारा ० ते ९९ असा आकडा दिसतो. चार दिवस, दररोज साधारण वीस मिनिटांत तो संपूर्ण भाग मी पालथा घातला. हाती आली ती बाटल्यांची झाकणे, गंजलेले खिळे आणि एक काळवंडलेली चकती, जी जुने नाणे असू शकेल. अडचणी अशा आहेत: संवेदनशीलता पूर्ण वाढवली की कॉइल हवेत स्थिर धरली तरी यंत्र किलबिलत राहते, एकाच जागेवर आकडा कधी ३८, कधी ६१, कधी ४४ असा उड्या मारतो, तीनदा स्पष्ट आवाज ऐकून खणले तर खड्ड्यात काहीच नव्हते. फॉइलच्या तुकड्यांनी जीव नकोसा केल्यामुळे दुसऱ्या दिवसापासून मी डिस्क्रिमिनेशन, म्हणजे नको त्या आकड्यांचे आवाज गाळण्याची सोय, वापरून ५५ च्या खालचे सगळे आकडे बंद केले, तेव्हापासून जरा शांतता आहे. यंत्रात दोष आहे की माझ्यात, एवढे कृपया सांगावे.

मातीचा_कान

यंत्र बहुधा ठणठणीत आहे. तुम्ही शेवटी जाता जाता सांगितलेली गोष्टच सर्वांत गंभीर आहे, म्हणून तिच्यापासून सुरुवात करतो. सोन्याच्या अंगठ्या बहुतेक यंत्रांवर मधल्या पट्ट्यात येतात आणि दुर्दैवाने ॲल्युमिनियमचे फॉइल व पेयांच्या डब्यांच्या ओढपट्ट्याही नेमक्या तिथेच येतात. ५५ च्या खालचे सगळे गप्प करून तुम्ही फॉइलबरोबर अंगठीलाही गप्प केले असण्याची दाट शक्यता आहे. कॉइल अंगठीवरून दोनदा गेलीही असेल आणि तुमच्याच आज्ञेनुसार यंत्राने तोंड मिटून घेतले असेल. सोने शोधायचे आणि फॉइलचा त्रासही नको, या दोन्ही इच्छा एका वेळी पूर्ण होत नाहीत.

आता पुन्हा मैदानावर जाण्याआधी एक तास घरच्या अभ्यासाला द्या. बहिणीच्या अंगठीशी वजनाने, जाडीने आणि कॅरटने मिळतीजुळती अंगठी कोणाकडून तरी मागून घ्या, डिस्क्रिमिनेशन पूर्ण काढून टाका आणि ज्या जमिनीत धातू नाही अशी जागा कॉइल फिरवून निश्चित करा. तिथे ती अंगठी आधी आडवी ठेवून, मग कडेवर उभी करून, मग ५ आणि १० सेंटिमीटर अंतरावरून काय आकडा येतो आणि आवाज कसा लागतो ते वहीत लिहून ठेवा. त्याच जागी एक नाणे, एक खिळा, एक झाकण आणि चुरगळलेले फॉइल ठेवून हेच करा. निम्म्या नवशिक्यांची निराशा टाळणारा हा प्रयोग आहे, आणि तो कोणीही करत नाही, कारण नवे यंत्र हातात आले की माणसाला मैदान दिसू लागते.

संवेदनशीलतेबद्दल. ही कळ म्हणजे रेडिओच्या आवाजाची कळ नव्हे. ती जितकी वाढवाल तितके यंत्र दूरचे ऐकते, पण वरून जाणाऱ्या विजेच्या तारा, जवळचे विजेचे कुंपण आणि तुमच्या खिशातला मोबाइलही ऐकू लागते. कॉइल स्थिर धरल्यावर यंत्र पूर्ण शांत होईपर्यंत ती खाली आणा आणि फोन दूर ठेवा. यंत्रात वारंवारता किंचित सरकवण्याची सोय असेल तर तीही वापरून पाहा. शिवाय कॉइलची केबल दांड्याभोवती नीट गुंडाळलेली आहे ना हे तपासा, कारण सैल लोंबणारी केबल कॉइलजवळ हलली की खोटे आवाज येतात. काही आठवड्यांपूर्वी पडलेली अंगठी फार तर गवताच्या मुळांपाशी असेल. तुम्हाला खोलीची गरजच नाही, त्यामुळे संवेदनशीलता निम्मी केली तरी नुकसान नाही.

त्यानंतर ग्राउंड बॅलन्स. मातीत लोहखनिजे असतात आणि यंत्राला तीही धातूसारखी भासतात, म्हणून त्या मातीचा आवाज वजा करायला यंत्राला शिकवावे लागते. धातू नसलेल्या जागेवर कॉइल जमिनीपासून ३० सेंटिमीटर उंच न्या, ३ सेंटिमीटरपर्यंत खाली आणा, आणि हे वर-खाली करत असताना पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे बॅलन्स जुळवा. उंचीबरोबर आवाज बदलणे थांबले की जुळले. मातीचा रंग किंवा ओलावा बदलला की पुन्हा जुळवावे लागते.

आता हाताच्या सवयीकडे येतो, कारण तुमचा हिशेब वाचून मी थबकलो. डबल-डी कॉइलची शोधाची पट्टी पुढून मागे लांब, पण डावीकडून उजवीकडे अरुंद असते, आणि खोलीनुसार तिची परिणामकारक लांबीही घटते. म्हणून प्रत्येक झोक्यानंतर कॉइलच्या अर्ध्या लांबीहून जास्त पुढे सरकू नये, म्हणजे तुमच्या बाबतीत सुमारे १३ सेंटिमीटर. २० मीटरच्या एका पट्ट्यात असे दीडशेच्या वर झोके होतात. एका झोक्याला दोन सेकंद धरले तरी न थांबता पाच मिनिटे लागतात. १२ मीटर रुंदीत मीटरभराचे बारा पट्टे बसतात. म्हणजे एकही खड्डा न खणता, एकदाही न थबकता संपूर्ण भागाला एक तास लागायला हवा. तुम्ही तो वीस मिनिटांत संपवत होता. याचा अर्थ दररोज जास्तीत जास्त एक तृतीयांश जमीनच तपासली जात होती, आणि बहुधा दररोज साधारण तीच.

झोका घेताना कॉइल घड्याळाच्या लंबकासारखी दोन्ही टोकांना वर उचलली जाते, ही सर्वांचीच खोड असते. टोकाला ८–१० सेंटिमीटर उचललेली कॉइल तेवढ्या जागेपुरती बंदच समजावी. ती जमिनीला समांतर, दोन-तीन सेंटिमीटर वर, गवताला जेमतेम स्पर्श करत सरकली पाहिजे. दांड्याची लांबी अशी ठेवा की कंबरेतून वाकावे लागणार नाही. हेडफोन जरूर वापरा. यंत्राला जोडलेल्या कर्ण्यातून जोरकस आवाजच कळतात, कुजबुजणारे निसटतात.

उड्या मारणाऱ्या आकड्यासाठी एक जुनी युक्ती आहे: आवाज आला त्या जागेभोवती ९० अंशांत फिरा आणि आडव्या दिशेने पुन्हा झोका घ्या. दोन्ही दिशांनी आवाज तसाच आणि आकडा चार-पाच घरांच्या आत राहिला तर थांबून पाहावे. एका दिशेने गोड आणि दुसऱ्या दिशेने तुटक आवाज आला तर बहुतेक वेळा तो खिळा असतो. बाटलीचे पोलादी झाकण मात्र ढोंगी; ते चांगला वरचा आकडा देते. त्यावरून कॉइल पुढेमागे सरकवत तिच्या काठावर आणली की आकडा घसरून लोखंडाच्या बाजूला जातो आणि आवाज चरचरतो. हा फरक सांगून कळत नाही, दहा-पंधरा झाकणे काढल्यावर कानाला आपोआप कळतो.

अर्धा_अभियंता

वरच्या प्रतिसादात काय करावे ते आले आहे. असे का होते हे समजले तर ते लक्षात राहील, म्हणून थोडे लिहितो. कॉइलमधली एक तार बदलते चुंबकीय क्षेत्र निर्माण करते. ते क्षेत्र धातूतून गेले की धातूत भोवऱ्यासारखे विद्युतप्रवाह फिरू लागतात, त्यांचे स्वतःचे एक क्षीण चुंबकीय क्षेत्र तयार होते, आणि ते कॉइलमधली दुसरी तार टिपते. परत आलेला हा प्रतिसाद मूळ लहरीच्या किती मागे पडला आहे, यावरून पडद्यावरचा आकडा ठरतो. म्हणजेच तो आकडा धातूचे नाव सांगत नाही. वस्तूची वाहकता, जाडी, आकारमान आणि घडण या सर्वांची मिळून ती एक बेरीज असते. शुद्ध सोने ॲल्युमिनियमपेक्षा चांगले वाहक आहे, परंतु दागिन्यांच्या सोन्यात इतर धातू मिसळले की त्याची वाहकता बरीच उतरते, आणि छोटी अंगठी व ओढपट्टीचे कडे यंत्राच्या दृष्टीने सख्खी भावंडे ठरतात.

घडणीचा परिणाम पाहायचा असेल तर आणखी एक प्रयोग करा. अखंड तांब्याच्या तारेचे वेढे आणि तेच वेढे एका जागी कापून, असे दोन्ही यंत्रापुढे धरा. अखंड वेढ्यातून प्रवाह पूर्ण फेरी मारतो, कापलेल्यातून मारू शकत नाही, त्यामुळे दुसऱ्याचा आवाज आणि आकडा दोन्ही कोसळतात. म्हणूनच तुटलेली अंगठी शोधणे अवघड, आणि सोन्याची नाजूक साखळी तर त्याहून अवघड. यंत्राला साखळी दिसतच नाही, तिची एकेक बारीक कडी दिसते. तुमची अंगठी अखंड आहे, हे या बाबतीत नशीबच.

खोलीबद्दलही एक आकडेमोड सांगतो. कॉइलच्या आकाराच्या तुलनेत अंतर मोठे झाले की तिचे क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात क्षीण होते, आणि लहान वस्तूकडून परतणारे क्षेत्रही तसेच क्षीण होत येते. जाण्याचा घन आणि येण्याचा घन मिळून सहावा घात होतो. अंतर दुप्पट झाले की प्रतिसाद चौसष्टावा हिस्सा उरतो. कॉइल पाच सेंटिमीटर उगाच वर धरण्याची किंमत किती, हे यावरून कळावे.

हा प्रश्न नवशिक्यांपुरता नाही, म्हणून एक ऐतिहासिक उदाहरण देतो. जुलै १८८१ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्यावर गोळी झाडली गेली. शरीरात अडकलेली ती गोळी शोधण्यासाठी टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी याच तत्त्वावरचे यंत्र बनवले आणि रुग्णाच्या अंगावरून फिरवले. यंत्र प्रयोगशाळेत चालत होते, तिथे मात्र गोंधळले; एक कारण असे की रुग्णाच्या गादीत पोलादी स्प्रिंगा होत्या. दुसरे कारण त्याहून मासलेवाईक आहे: गोळी उजव्या बाजूला आहे असे मुख्य डॉक्टरांचे ठाम मत असल्यामुळे शोध त्याच बाजूला झाला, आणि गोळी होती डाव्या बाजूला. सप्टेंबरमध्ये गारफिल्ड यांचे निधन झाले. आसपासचा नको तो धातू आणि चुकीच्या जागेवरचा विश्वास, या दोन चुका १८८१ पासून आजवर तशाच चालत आलेल्या आहेत. तुमच्या बुटांत पोलादी टोप्या नाहीत ना, आणि खड्ड्यात घालता त्या हातात अंगठी किंवा कडे नाही ना, हेही एकदा पाहून घ्या.

खुरपे_आणि_संयम

मी फक्त खणण्याबद्दल लिहितो. गवतात नुकत्याच पडलेल्या अंगठीसाठी खणायचेच कशाला? आवाज आला की कॉइल हळूहळू वर उचला. जमिनीवरची लहान वस्तू १० सेंटिमीटर वरूनही बऱ्यापैकी बोलते. जी वस्तू कॉइल किंचित उचलताच गप्प होते ती खोल आहे, म्हणजे तुमच्या कामाची नाही. ती सोडून पुढे जा. डिस्क्रिमिनेशन काढल्यावर सगळेच काढून पाहावे लागेल असा वरच्या प्रतिसादांवरून समज होऊ शकतो, तो या कामापुरता बरोबर नाही: ऐकायचे सगळे, पण तपासायचे फक्त उथळ. लोकांनी दुसऱ्याच्या हिरवळीत साठ खड्डे पाडलेले मी पाहिले आहेत, आणि पुढच्या वेळी परवानगी मागायला गेलेल्यांना दारातूनच परत यावे लागले.

नेमकी जागा काढण्यासाठी अधिकच्या चिन्हासारखे दोन झोके घ्या. दोन्ही रेषा जिथे छेदतात तिथे, कॉइलच्या मधोमध, वस्तू असते. पिनपॉइंटर, म्हणजे हातात धरायची छोटी कांडी, जवळ असेल तर गवत बोटांनी बाजूला सारून तिचे टोक फिरवा. नसेल तर मिळवावी. मुख्य यंत्र साधे असले तरी चालेल, पण कांडीशिवाय निम्मा वेळ मातीची ढेकळे फोडण्यात जातो. तुमचे तीन रिकामे खड्डे बहुधा रिकामे नव्हतेच. वस्तू बाहेर काढलेल्या ढिगाऱ्यात किंवा खड्ड्याच्या भिंतीत राहिली असेल. खणलेली माती नेहमी एका कापडावर टाका आणि आधी खड्ड्यावर व मग कापडावर कॉइल फिरवा. आवाज कुठे गेला ते लगेच कळते.

कधी खणावेच लागले तर खुरप्याने तीन बाजू कापा, चौथी बाजू बिजागरीसारखी जोडलेली ठेवा, गवताचा तो चौकोन मुळांसकट उलटा आणि काम झाल्यावर माती परत भरून चौकोन जागेवर दाबून बसवा. कडक उन्हाळ्यात हेही करू नये, कापलेली मुळे जळून गवतावर पिवळा डाग उठतो. जमिनीखालून विजेची केबल किंवा नळ गेला आहे का, हे मालकांना आधीच विचारा. आणि कुठेही तोफगोळ्यासारखी किंवा स्फोटकासारखी वस्तू दिसली तर तिला हात न लावता तिथून दूर होऊन पोलिसांना कळवावे, यात धाडसाला जागा नाही.

गवतातली_सुई (प्रश्नकर्ती)

सर्वांचे मनापासून आभार. आत्याकडून जवळपास तशीच अंगठी मागून आणली आणि प्रयोग केला. डिस्क्रिमिनेशनशिवाय आडवी ठेवल्यावर ४९ ते ५१ आकडा आला, कडेवर उभी केल्यावर आवाज बारीक झाला आणि आकडा ४४ ते ५३ मध्ये फिरत राहिला. मग मी मुद्दाम माझी जुनी मांडणी लावली, म्हणजे ५५ च्या खालचे बंद, आणि कॉइल अंगठीवरून फिरवली. काहीही वाजले नाही. डोळ्यांसमोर अंगठी दिसते आहे आणि यंत्र शांत, हे पाहून हसावे की रडावे ते कळेना.

दोन उपप्रश्न आहेत. एक म्हणजे, शंभर मीटर अंतरावरून सोन्याची दिशा दाखवणारी यंत्रे विकणाऱ्या काही चित्रफिती मला दिसल्या. तसले यंत्र भाड्याने आणावे का? दुसरे म्हणजे, ती काळी चकती घासून स्वच्छ करून पाहू का?

अर्धा_अभियंता

पहिल्याचे उत्तर: आणू नये. सहाव्या घाताचे गणित वर लिहिले आहे, ते कोणत्याही विक्रेत्यासाठी बदलत नाही. हाती धरायच्या सर्वसाधारण यंत्राला नाण्याएवढी वस्तू साधारण कॉइलच्या व्यासाइतक्या खोलीपर्यंत, आणि बहुधा त्याहून कमीच, कळते. मोठ्या चौकटीची यंत्रे मीटरभर खोलीचा पत्रा किंवा पेटी ओळखतात, पण त्यांना अंगठी दिसत नाही. मुठीतून बाहेर आलेली आणि सैल फिरणारी एरियलसारखी दांडी असलेली ‘दूरशोधक’ यंत्रे प्रत्यक्षात धरणाऱ्याच्या मनगटाच्या सूक्ष्म हालचालींवर फिरतात. एडीई ६५१ नावाचे असेच एक उपकरण स्फोटके ओळखणारे म्हणून इराकसह अनेक देशांना विकले गेले होते. आत काहीही चालत नव्हते, आणि ते विकणाऱ्याला २०१३ मध्ये ब्रिटनच्या न्यायालयाने फसवणुकीबद्दल दहा वर्षांची शिक्षा सुनावली. गुप्तधनाच्या आशेने माणूस असल्या दांडीवर विश्वास ठेवतो, तपासणी नाक्यावरच्या सैनिकाला तर तेवढाही पर्याय नव्हता.

थरांचा_वाचक

ताई, चकती कृपया घासू नका. ब्रशने नको, आम्लाने नको, राखेनेही नको. तांबे, कांसे किंवा चांदी जमिनीत राहून जो थर धरते, त्यातच पुष्कळदा अक्षरे आणि चित्रे टिकून राहिलेली असतात. चकाकी आणायला गेले की तीच उडतात. सैल माती आपोआप गळेल तेवढी गळू द्या, वस्तू कोरडी ठेवा, आणि ती मैदानाच्या कोणत्या भागात, किती खोलीवर मिळाली ते आठवते तोवर लिहून ठेवा. वस्तूचे अर्धे मोल ती कुठल्या थरात, कशाच्या शेजारी होती या माहितीत असते, आणि ती माहिती खणणाऱ्याखेरीज कोणाजवळही नसते.

जमिनीत सापडलेल्या जुन्या वस्तूंबाबतचे कायदे देशागणिक वेगळे आहेत. अनेक ठिकाणी जमीनमालकाची परवानगी पुरत नाही, सापडलेली वस्तू सरकारला कळवणे बंधनकारक असते, आणि संरक्षित स्थळांवर डिटेक्टर चालवणे हाच गुन्हा ठरतो. तुम्ही जिथे आहात तिथला नियम पुरातत्त्व कार्यालयाकडे विचारून घ्या आणि चकतीबद्दलही त्यांनाच कळवा.

तुमच्या धाग्यावरून मला हॉक्सन या गावी सापडलेल्या साठ्याची आठवण झाली. १६ नोव्हेंबर १९९२ रोजी इंग्लंडमधल्या सफोक परगण्यात एरिक लॉज नावाचे गृहस्थ शेतकरी मित्राचा हरवलेला हातोडा शोधण्यासाठी डिटेक्टर घेऊन शेतात गेले होते. यंत्राने जे दाखवले ते उकरताना चांदीचे चमचे, सोन्याचे दागिने आणि नाणी वर येऊ लागली. थोडे बाहेर काढल्यावर त्यांनी हात आवरला आणि अधिकाऱ्यांना कळवले, त्यामुळे दुसऱ्याच दिवशी पुरातत्त्वज्ञांना तो साठा जसा लाकडी पेटीत रचला गेला होता त्याच रचनेत उलगडता आला. रोमन काळाच्या अखेरची जवळपास १५ हजार नाणी आणि सुमारे दोनशे इतर वस्तू त्यात होत्या. घाईने सगळे उपसले असते तर सोने तेवढेच भरले असते, पण पेटीच्या आत आणखी छोट्या पेट्या होत्या, कापडात काय गुंडाळले होते, हे कायमचे पुसले गेले असते. हातोडाही सापडला, आणि तोही आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

मातीचा_कान

चकतीची व्यवस्था लागली, आता अंगठीकडे परत येऊ. दोन गोष्टी राहिल्या. दोऱ्या बांधा: मैदानाच्या दोन्ही टोकांना मीटरमीटरावर खुंट्या रोवा आणि लांबीच्या दिशेने दोऱ्या ताणा, म्हणजे तुमचे बारा पट्टे डोळ्यांना दिसतील. खुंट्या लाकडी किंवा प्लास्टिकच्या असाव्यात. पहिल्या खेपेला मी तंबूच्या लोखंडी खुंट्या रोवल्या होत्या आणि प्रत्येक वळणावर त्याच वाजत होत्या. एक पट्टा पूर्ण झाला की त्याच्या टोकाला चिंधी बांधा. सगळे बारा झाले आणि अंगठी मिळाली नाही, तर दोऱ्या रुंदीच्या दिशेने बांधून पुन्हा फिरा. कडेवर उभी रुतलेली अंगठी एका दिशेने कुजबुजते आणि दुसऱ्या दिशेने बोलते.

दुसरी गोष्ट यंत्राची नाही. बहिणीला मैदानावर घेऊन जा, ती त्या क्षणी जिथे उभी होती असे तिला वाटते तिथे उभी करा, आणि जो खेळ खेळत होती त्याची हालचाल प्रत्यक्ष करायला सांगा. चेंडू फेकताना निसटलेली अंगठी पायाशी पडत नाही, ती हाताच्या झोक्याच्या दिशेने उडते आणि बघता बघता आठ-दहा मीटर लांब जाते. हा २० बाय १२ चा चौकोन कोणी ठरवला, हे तुम्ही लिहिलेले नाही.

गवतातली_सुई (प्रश्नकर्ती)

चौकोन मीच ठरवला होता, आणि बहीण जिथे बसून होती तिथून ठरवला होता. काल तिला घेऊन गेले. तिने तीन-चारदा चेंडू फेकून दाखवला आणि तिच्या लक्षात आले की त्या दिवशी ती कोपऱ्यातून, तिरकी, कुंपणाच्या दिशेने फेकत होती. आम्ही चौकोनाच्या बाहेर, त्या दिशेला पाच पट्टे आखले. संवेदनशीलता निम्म्यावर, डिस्क्रिमिनेशन शून्यावर, फोन पिशवीत दूर. पहिल्या तीन पट्ट्यांत फॉइलचे अकरा तुकडे, एक केसांची पिन आणि पाच झाकणे निघाली. त्यांतली दोन झाकणे मी खाली न वाकता कानानेच ओळखली, हे सांगताना थोडा अभिमान वाटतो.

चौथ्या पट्ट्यात एक बारीक आवाज आला, आकडा ४३. बाजूने फिरून आडवा झोका घेतला तर तोच आवाज भरदार झाला आणि आकडा ५० वर टेकला. कॉइल उचलली तरी बोलत होता. गवत बाजूला केले तेव्हा अंगठी मुळांच्या जाळीत कडेवर उभी होती, अर्धी मातीत. उचलण्याआधी बहिणीला दोन मिनिटे थांबवले आणि जुनी मांडणी लावून कॉइल अंगठीवरून दोन्ही दिशांनी फिरवली. दोन्ही वेळा शांतता होती. बहिणीला मी काय करते आहे ते समजेना, ती नुसती ओरडत होती.

चकती एका कागदी पाकिटात ठेवली आहे, वर जागा आणि खोली लिहिली आहे, आणि पुरातत्त्व कार्यालयाला पत्र पाठवले आहे. त्यांचे उत्तर आले की इथेच कळवीन.